पहिली गाडी तुमची, तिची पहिली गाडी तिची

वाचकाचं पत्र: "माझं वय ५३. एकोणिसाव्या वर्षी मी वापरलेली जावा २५० मोटरसायकल घेतली आणि आठ वर्षं चालवली. मग संसार, नोकरी, चारचाकी. गाडी झाकून ठेवली ती आजतागायत तशीच उभी आहे, विकायला मन झालं नाही. माझ्या वीस वर्षांच्या मुलीने या गाडीच्या गोष्टी लहानपणापासून ऐकल्यात. आता ती म्हणते, बाबा, मला मोटरसायकल शिकायची आहे, याच गाडीवर आणि तुमच्याकडूनच. आनंदाने माझी झोप उडाली आहे आणि भीतीनेही. एक गोष्ट मी तिला कधीच सांगितलेली नाही. गाडी घेतल्यावर तिसऱ्याच महिन्यात मी पडलो होतो. वळणात वेग जास्त झाला, घाबरून मागचा ब्रेक दाबला, गाडी घसरली. मागे मित्र बसला होता, त्याचा हात मोडला. मला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. पत्नी म्हणते, विकून टाका ती गाडी, तुम्हाला पोरीला शिकवायचं नाहीये, तुम्हाला तुमचं वय परत हवंय. गाडी चालू करू का? मुलीला तिच्यावर शिकवू का? आणि ते पडणं सांगू का?"

तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं आधी देऊन टाकते, म्हणजे जीव टांगणीला लागायला नको. गाडी जरूर चालू करा. मुलीला तिच्यावर शिकवू नका. आणि पडल्याची गोष्ट सांगा, तीही गाडी बाहेर काढण्याआधी.

तुमच्या पत्नी म्हणतात त्यात तथ्य आहे, पण त्यात लाजण्यासारखं काही नाही. चाळिशी ओलांडलेल्या माणसांना आयुष्यातले प्रसंग आठवायला सांगितले, तर साधारण दहा ते तीस या वयातले प्रसंग भराभर आणि जास्त येतात. स्मृतीच्या अभ्यासकांना हे पुन्हा पुन्हा आढळलं आहे. आयुष्यातल्या बहुतेक गोष्टी पहिल्यांदा घडतात त्या याच वयात. आणि पहिल्या मोटरसायकलीचं तर विचारायलाच नको. कुठे जायचं, किती वाजता निघायचं, वाटेत कुठे थांबायचं, हे कुणालाही न विचारता ठरवता आलं ते अनेकांना या दोन चाकांवरच पहिल्यांदा. तुम्हाला ते वय आठवतं, आवडतं, हवंसं वाटतं. वाटू दे की. प्रश्न एवढाच आहे, की त्या ओढीपायी मुलीच्या शिकण्याचा निर्णय घ्यावा का. तिथे मात्र मी तुमच्या पत्नींच्या बाजूने आहे.

तिने ऐकलेल्या गोष्टी कोणत्या आहेत, हे एकदा आठवून बघा. मी पैज लावून सांगते, त्यात पहाटेचा घाट असेल, भर पावसातला प्रवास असेल, रात्रभर चालवून गाठलेलं गाव असेल. भर चौकात गाडी बंद पडल्यावर मागच्यांचे हॉर्न ऐकत मारलेल्या किका त्यात नसतील. पेट्रोल संपल्यावर ढकलत नेलेली गाडी नसेल. काळवंडलेला प्लग काढून कपड्याने पुसताना पोळलेली बोटं नसतील. पहिले दोन-तीन महिने रोज रात्री दुखणारं डावं मनगट नसेल. खोटं कुणी बोललेलं नसतं, पण सांगता सांगता गोष्ट घासून गुळगुळीत होते. तुमच्या मुलीला जी गाडी हवी आहे ती या गुळगुळीत गोष्टीतली आहे. शेडमध्ये उभी आहे ती वेगळी.

ती वेगळी कशी, ते नीट बघू. तुमच्या जावाला डाव्या बाजूला एकच दांडा आहे, किकचा आणि गिअरचा. आत दाबून वर फिरवला की किक, गाडी सुरू झाली की परत खाली आणला की गिअर. हे तुमच्या पायाला इतकं पाठ असणार, की आज पंचविसेक वर्षांनी डोळे मिटूनही जमेल. दुसरी खुबी त्याहून मोठी. १९४६ च्या जावा २५० पासून या गाड्यांमध्ये गिअरचा दांडा दाबला की क्लच आपोआप सुटतो. म्हणजे गाडी चालत असताना डावा हात न लावताही गिअर बदलता येतो. अभियांत्रिकी म्हणून मला ती रचना फार आवडते. पण शिकणाऱ्यासाठी ती चुकीची सवय आहे, कारण उद्या ती ज्या कुठल्या दुसऱ्या मोटरसायकलवर बसेल तिथे ही सोय नसेल. शिकायच्या दिवसांत पायाला लागलेली सवय सहजासहजी सुटत नाही.

पुढची गोष्ट टू-स्ट्रोकची, कारण तुमच्या जावाचं इंजिन त्या जातीचं. फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याच्या, दोन फेऱ्यांमागे एकदा स्फोट होतो, टू-स्ट्रोकमध्ये दर फेरीला. म्हणून तिचा तो तडतडता आवाज आणि म्हणून ते पिकअप. पण अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर फोर-स्ट्रोक इंजिन गाडीला मागे ओढून धरतं, तसं टू-स्ट्रोक फारसं धरत नाही. गाडी वाहतच राहते. नवशिक्या माणसाला हे घाबरवणारं असतं, कारण त्याचा पहिला उपाय ब्रेक नसून अ‍ॅक्सिलरेटर सोडणं हाच असतो. त्यातून तुमच्या गाडीत ऑइल पेट्रोलमध्ये मिसळूनच जातं. लांब उतारावर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण बंद ठेवला, की पेट्रोल कमी आणि त्याबरोबर ऑइलही कमी, चाक मात्र इंजिनाला जोरात फिरवतंय. मग पिस्टन तापून जाम होतो आणि मागचं चाक एकदम अडकतं. जुनी माणसं उतारावर मधूनमधून थोडी रेस देत आणि दोन बोटं कायम क्लचवर ठेवत, ती यासाठी. तुम्हीही ठेवत असाल. कुणी शिकवलं होतं ते आठवत नसेल, बोटंच आपोआप जातात. नवशिक्याचं लक्ष आधीच दहा ठिकाणी वाटलेलं असतं, त्यात हे अकरावं कशाला?

ब्रेकबद्दल तर तुम्हाला सांगायला नको. दोन्ही चाकांना ड्रम, तेही भिजले की पकड ढिली. मोटरसायकलला एबीएस पहिल्यांदा कारखान्यातून बसवून आलं ते १९८८ मध्ये, बीएमडब्ल्यूच्या के १०० वर. घाबरलेल्या माणसाने ब्रेक कचकन दाबला तरी ते चाक अडकू देत नाही. तुमच्या त्या वळणावर ते असतं तर गोष्ट कदाचित वेगळी झाली असती. मग पुढच्या पिढीला ते का नाकारायचं? तिला हलकी, छोट्या इंजिनाची, एबीएस असलेली, तिचे दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकतील अशी गाडी हवी. ती तिच्या पसंतीची असू दे. तुम्हालाही एकोणिसाव्या वर्षी कुणी वडिलांची गाडी दिली असती, तर आज तुम्ही मला हे पत्र इतक्या मायेने लिहिलं असतं का?

आता "तुमच्याकडूनच" या शब्दाकडे येते. अमेरिकेत हॅरी हर्ट या संशोधकाच्या पथकाने लॉस एंजेलिस परिसरातल्या सुमारे ९०० मोटरसायकल अपघातांचा जागेवर जाऊन अभ्यास केला. त्याचा अहवाल १९८१ साली आला. जुना आहे, रस्ते आणि गाड्या बदलल्या, पण माणसाचं घाबरणं काही बदललेलं नाही. त्यातल्या तीन गोष्टी तुमच्या पत्राशी थेट भिडतात. अपघात झालेल्या चालकांपैकी ९२ टक्के स्वतःच किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले होते. निम्म्याहून जास्त जणांना त्या विशिष्ट गाडीची सवय पाच महिन्यांपेक्षा कमी होती. आणि संकट समोर आल्यावर बहुतेकांनी मागचा ब्रेक जास्त दाबून चाक घसरवलं, पुढचा मात्र पुरेसा वापरलाच नाही.

तुमचं ते वळण यात जसंच्या तसं आहे. तिसरा महिना, मागचा ब्रेक, घसरलेलं चाक. तुम्ही इतकी वर्षं स्वतःचा दोष म्हणून जे मनात धरून बसला आहात, ते जगभरच्या नवशिक्यांचं सगळ्यात नेहमीचं पडणं आहे. टायरची पकड मोजकीच असते. वळताना तिचा मोठा भाग वळण्यातच खर्च होतो, उरलेली थोडीच ब्रेकला मिळते. त्यात ब्रेक दाबताच वजन पुढे जातं, मागचं चाक हलकं होतं आणि तेच आपण दाबतो. मागे माणूस बसलेला, त्याच्या वजनाची तुम्हाला सवय नाही. हे तुम्हाला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणूनच तिला सांगा. कबुली दिल्यासारखं हळव्या आवाजात सांगू नका. कागद घ्या, वळण काढा, तुम्ही कुठे होतात, कुठे बघत होतात, हात कुठे होते, पाय कुठे होता, हे दाखवा. बहुधा तुम्ही रस्त्याच्या कडेकडे बघत होतात. भीती वाटते तिकडे नजर जाते आणि नजर जाते तिकडे गाडी जाते. तिने विचारलं, "मग काय करायला हवं होतं?", तर उत्तर द्या: वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना वेग कमी करायचा, आत शिरल्यावर नजर वळणाच्या पलीकडच्या टोकावर ठेवायची, अ‍ॅक्सिलरेटर हलकासा धरून ठेवायचा. तुमच्या सगळ्या घाट-पावसाच्या गोष्टींपेक्षा ही एक गोष्ट तिच्या जास्त कामाची आहे. आणि तुम्ही ती सांगितल्यावर, तिच्या हातून कधी गाडी पडली तर ती घरी येऊन ते लपवणार नाही. वीस वर्षांच्या मुलीच्या बापाला याहून जास्त काय हवं?

जाता जाता एक विचारते. तो मित्र आता कुठे आहे? पत्रात त्याचा हात आहे, तो स्वतः नाही. बोलणं होत असेल तर उत्तम. नसेल तर मुलीला सांगण्याआधी त्याला एक फोन करा. ही गोष्ट अर्धी त्याची आहे.

पण शिकवण्याचं काम तुम्ही करू नये असं मला वाटतं, त्याचं कारण तुम्हाला येत नाही हे नाही. तुम्हाला फार चांगलं येतं, इतकं की ते शब्दांत उरलेलं नाही. विमान बनवणाऱ्या राईट बंधूंचा आधी सायकलींचा धंदा होता. त्यांच्यातला विल्बर सायकल चालवणाऱ्यांना विचारत असे, डावीकडे वळताना तुम्ही काय करता? सगळे म्हणत, हँडल डावीकडे वळवतो. खरं तर आधी हँडल किंचित उजवीकडे जातं, त्यामुळे सायकल डावीकडे झुकते आणि मग वळते. रोज करत असूनही ते कुणालाच नीट सांगता येत नव्हतं. मोटरसायकलचंही तेच. चालण्यापेक्षा जरा जास्त वेग असला, की डावीकडे जायला डावी मूठ पुढे ढकलावी लागते. तुमचे हात आठ वर्षं हे करत होते. पण तुम्हाला मुलीला समजावायला सांगितलं तर तुम्ही म्हणाल, "अगं, आपोआप वळते ती." आणि संकटात एखाद्या खड्ड्याला झटकन चुकवायचं असतं तेव्हा आपोआप पुरत नाही. ते मोकळ्या मैदानात, शंकू मांडून, पुन्हा पुन्हा करून शिकवणारी माणसं असतात. तिला त्यांच्याकडे पाठवा. बापलेकीच्या नात्यावर क्लचचा ताणही पडायला नको. चिडलेला बाप शेजारून पळतोय आणि गाडी पुन्हा पुन्हा बंद पडतेय, यात शिकणं कमी आणि डोळ्यांतलं पाणी जास्त होतं.

तुमच्या हातात मग काय उरतं? माझ्या मते सगळ्यात चांगलं काम उरतं. ती गाडी दोघांनी मिळून जिवंत करा.

सुरुवातीला एक गोष्ट करू नका: झाकण काढल्या काढल्या किक मारू नका, कितीही हात-पाय शिवशिवले तरी. इतकी वर्षं उभ्या असलेल्या सिलिंडरमध्ये पिस्टनच्या रिंगा गंजून चिकटलेल्या असू शकतात. प्लग काढा, त्या भोकातून ऑइलचे थोडे थेंब सोडा आणि एक-दोन दिवस थांबा. मग गाडी स्टँडवर घेऊन वरच्या गिअरमध्ये टाका आणि मागचं चाक हाताने हळूहळू फिरवा. पिस्टन सुटला असेल तर प्लगच्या भोकातून हवेचा फुसकारा येईल. तो फुसकारा मुलीच्या तळहातावर पडू दे, तुमच्या नको. अडलं तर जोर करू नका, मेकॅनिकला बोलवा.

टाकीत तेव्हाचं पेट्रोल राहिलं असेल तर त्याचा आता पेट्रोलसारखा वासही येणार नाही. जुन्या व्हार्निशसारखा, नाकात बसणारा वास येतो. पेट्रोल हवेने बदलतं, चिकट होतं आणि कार्ब्युरेटरच्या, म्हणजे हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या भागाच्या, जेटच्या बारीक भोकांत बसतं. कार्ब्युरेटर तिला उघडू द्या. फ्लोट, सुई, जेट, एकेक सुटा करून कपड्यावर मांडायला लावा. उजेडाकडे धरल्यावर जेटच्या भोकातून टाचणीच्या टोकाएवढा प्रकाश दिसला पाहिजे. नाही दिसला, तर गाडी का चालत नव्हती ते तिला कुणी समजावून सांगायची गरज नाही. साफ करताना तार घालू नये, भोक मोठं होतं. प्लगला वेळेवर ठिणगी देणारे पॉइंट काळे पडलेले असतील, वायरींचं आवरण हात लावताच तुटेल, तेही बघावं लागेल. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकचे ऑइल सील फार महत्त्वाचे, कारण पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँकभोवतालच्या बंद पेटीत, क्रँककेसमध्येच दाबलं जातं. सील वाळून कडक झाले की तिथून हवा ओढली जाते आणि मिश्रण पातळ होऊन इंजिन तापतं. ते काम मात्र जाणत्या माणसाकडूनच करून घ्या.

टायर दिसायला कितीही चांगले असोत, बदला. रबर आतून कडक होतं आणि ओल्या रस्त्यावर दगा देतं. ब्रेकचे लायनर शूपासून सुटलेले असू शकतात, सगळ्या केबल्या आतून गंजलेल्या असतात. माझा नियम साधा आहे: गाडी थांबवण्याशी आणि वळवण्याशी ज्याचा संबंध आहे ते सगळं नवं, दिसण्याशी आहे ते जसंच्या तसं. टाकीच्या दोन्ही बाजूंची रबरं गुडघे घासून झिजली असतील तर ती बदलू नका. झगझगीत रंग देऊन तिला नवी नवरी करायची हौस अनेकांना असते. मला ती पटत नाही. तुमची गाडी हवी असेल तर तिच्यावरचे तुमचे ओरखडेही राहू द्या.

हेल्मेटचं वेगळं सांगते, कारण "आम्ही कुठे घालायचो, काय झालं आम्हाला?" हे वाक्य तुमच्या पिढीच्या तोंडी मी फार ऐकलं आहे. १९३५ साली लॉरेन्स ऑफ अरेबिया म्हणून ओळखले जाणारे टी. ई. लॉरेन्स मोटरसायकलवरून पडले आणि काही दिवसांनी डोक्याच्या दुखापतीने गेले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू कॅर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. त्यांना ते मरण स्वस्थ बसू देईना. पुढे त्यांनी लष्करातल्या मोटरसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास केला, १९४१ मध्ये तो छापला आणि त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने आपल्या स्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. तुम्हाला काही झालं नाही ते नशीब होतं. मुलीच्या हाती नशीब देऊ नका. तिला नवं, डोक्याला घट्ट बसणारं हेल्मेट घ्या. तुमचं माळ्यावरचं जुनं हेल्मेट असेल तर ते टाकून द्या. आतला फोम आणि चिकटवलेले भाग इतकी वर्षं टिकत नाहीत.

आणि आता तुमच्याबद्दल. गाडी चालू झाली, पहिला निळा धूर निघाला, की तुम्हाला वाटेल मध्ये काही वर्षं गेलीच नाहीत. किक पायाला आठवेल, गिअर आठवतील. पण समोरून येणारी वाहतूक तेव्हाची नाही, रात्री समोरच्या दिव्यांनी डोळे दिपतात ते आता लवकर सावरत नाहीत आणि तुमच्या गाडीचा सहा व्होल्टचा दिवा आजच्या रस्त्यावर कुणाच्या नजरेत भरणार नाही. हर्टच्या अहवालातला तो पाच महिन्यांचा मुद्दा तुम्हालाही लागू आहे. तुमची सवय शिल्लक आहे, सराव नाही. म्हणून ज्या शिबिरात तिचं नाव घालाल तिथेच स्वतःचंही घाला. ती नवशिकी म्हणून, तुम्ही परत येणारे म्हणून. तिथे तुम्ही बाप नसाल, शेजारच्या रांगेतले विद्यार्थी असाल. पत्नींनाही बघायला बोलवा. तुम्ही शंकूंमधून वळताना चुकलात आणि मान्य केलंत, एवढं दिसलं तरी त्यांचा निम्मा विरोध मावळेल.

तिचा हात बसला, परवाना मिळाला, दिवसाउजेडी काही महिने स्वतःची गाडी चालवून झाली, मग एखाद्या रविवारी पहाटे रिकाम्या रस्त्यावर तिला जावाही चालवू द्या. तेव्हा तिला दोन गाड्यांमधला फरक कळेल आणि तुम्हालाही सांगायला मजा येईल.

तोवर एक अट दोघांनी पाळायची. दोघांनी दोन गाड्यांवर जायचं. तिने तुम्हाला मागे बसवायचं नाही, तुम्ही तिला नाही. मागे माणूस बसला की थांबायचं अंतर बदलतं, वळणातला झोल बदलतो, पुढचं चाक हलकं होतं. नव्या हाताला आणि बऱ्याच काळाने परतलेल्या हातालाही ते झेपत नाही. तिने हट्ट केला तर कारण विचारेल. कारण तुमच्याकडे आहे आणि तोवर ते तुम्ही तिला सांगितलेलं असेल.